दूताचं काम

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. तिच्या दुप्पट वयाची माणसंही ताईच म्हणत, आणि लहान मुलं तिला लांबून पाहिलं की आईच्या पाठीमागे दडत. खरं तर ताईचा हात फार हलका होता. दंडाला पट्टा बांधायची, मूठ आवळायला सांगायची, कोपराच्या खोबणीत बोटानं शीर चाचपायची आणि त्याच वेळी समोरच्याला काहीबाही विचारायची. तो उत्तर देईपर्यंत नळी भरलेली असे. "झालं? एवढंच?" म्हणत माणसं बाही खाली ओढत. कुणाचं काय बिनसलंय हे तिला बहुतेक वेळा त्याच्या घरच्यांच्या आधी कळायचं, पण सांगायचं नाही हा तिथला नियम. "ताई, चांगलं आहे ना सगळं?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील."

तिचा नवरा लिफ्ट बसवायचा. नव्या इमारतीत, भिंतींना अजून रंगही लागलेला नसताना, लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत फळ्या टाकायच्या आणि त्यांवर उभं राहून लोखंडी रूळ ठोकायचे, हे त्याचं काम. जोडीला कायम एकच माणूस. त्याला तो पक्कड म्हणायचा, कारण एकदा धरलेलं हा गडी सोडत नसे, मग तो नट असो की वादातला मुद्दा. दोघांचं इतकं जमायचं की एकाला सर्दी झाली की दुसरा शिंकायचा. सुट्टीच्या दिवशी पक्कड घरी येई, ताईला वहिनी म्हणे आणि तिच्या लेकीला खांद्यावर घेऊन "तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला" करत वरखाली करी. पोरगी खिदळून खिदळून बेजार व्हायची.

लेक पाचवीत असताना एका दुपारी फळी निसटली आणि नवरा खाली गेला. जागच्या जागी संपला.

ताईला हे कळायला मात्र वेळ लागला. पक्कड लॅबच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त घेत होती, आणि बाई कसलासा विनोद सांगत होत्या म्हणून हसतही होती.

"थांबा भाऊजी, झालंच," ती म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगभर सिमेंटची धूळ, ओठ सुकलेले. "काय झालं?"

"चला वहिनी. त्याला जरा लागलंय."

"कुठे लागलंय?"

"पायाला. चला तुम्ही."

रिक्षा आधी घराकडे घ्यायला लावून ताईनं पिशवी भरली. धुतलेला शर्ट, दाढीचं सामान, टॉवेल. शेजारणीला बजावलं, पोरगी शाळेतून आली की सांग, बाबांचा पाय मोडलाय, घाबरू नकोस. मग हॉस्पिटलच्या वाटेवर ती मनातल्या मनात नवऱ्याला फैलावर घेत राहिली. किती वेळा सांगितलं होतं, जपून म्हणून. बसा आता महिनाभर पाय वर करून. "जेवला तरी होता का?" तिनं विचारलं. "हो," पक्कड म्हणाला, रस्त्याकडे बघत. हॉस्पिटलात शिरल्यावर ती हाडांच्या वॉर्डाकडे वळली, तर त्यानं तिचं कोपर धरलं आणि तिला तळघरात उतरणाऱ्या जिन्याकडे नेलं. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला त्या जिन्याखाली काय असतं ते वेगळं सांगावं लागलं नाही.

नवरा गेल्याच्या दुःखाला तोड नव्हती. पण त्या दुःखाच्या शेजारी आणखी एक गोष्ट काट्यासारखी रुतून बसली. रिक्षातला तो वेळ. आपला माणूस मरून पडला होता आणि आपण त्याच्यावर चिडत होतो, त्याच्या पायाखाली कुठली उशी द्यायची ते ठरवत होतो, आणि शेजारी बसलेल्याला सगळं ठाऊक होतं. "मला वेड्यात काढलं त्यानं," ती नणंदेला म्हणाली. त्यानंतर पक्कड काही दिवस येत राहिला, दाराशी उभा राहून परत जात राहिला. ताईनं दार उघडलं नाही. पुढे त्यानंही लिफ्टचं काम सोडलं आणि ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत पंखे, मिक्सर दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. ताईला ग्रंथालयात जायचं असलं की ती मुद्दाम बाजाराच्या अंगानं, लांबून जायची. वर्षं गेली, लेक कॉलेजात गेली, तरी ताईची ती वाट बदलली नाही.

ग्रंथालयाचा नाद तिला ग्रंथपालबाईंनी लावला होता. बाई थायरॉइडच्या तपासणीला यायच्या आणि सुईकडे बघायला नको म्हणून डोळे मिटून कुठल्या तरी कादंबरीची गोष्ट सांगायच्या. नळी भरली की गोष्ट अर्ध्यावर. एकदा ताई वैतागून म्हणाली, "पुढचं सांगितल्याशिवाय कापूस मिळणार नाही." "मग शुक्रवारी संध्याकाळी या," बाई म्हणाल्या, आणि अशी ताई शुक्रवारच्या वाचन मंडळात आली.

मंडळ म्हणजे पाच डोकी. वरच्या मजल्यावरची वर्तमानपत्रांची खोली सहानंतर रिकामी व्हायची, मग तिथल्या लांब टेबलाभोवती ही माणसं बसत. ग्रंथपालबाई, ताई, शाळेतून निवृत्त झालेले सर, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक केमिस्ट आणि त्यांची बायको. तिला सगळे केमिस्टीणबाई म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडायचं.

एका शुक्रवारी सरांनी जाहीर केलं, "कादंबऱ्या फार झाल्या. आता एखादं जुनं, गाजलेलं नाटक घेऊ. कामं वाटून घ्यायची आणि मोठ्यानं वाचायचं. नाटक मनात वाचणं म्हणजे जेवणाचा नुसता वास घेणं."

त्यांनी तीन पुस्तकं टेबलावर मांडली. पहिलं दोन सासरे आणि एकच जावई अशा घोटाळ्याचं, हसून पुरेवाट करणारं. दुसरं दरबारातल्या कटकारस्थानाचं. ते केमिस्टना हवं होतं, कारण त्यात विषप्रयोग होता आणि लेखकानं विषाचं प्रमाण चुकवलंय अशी त्यांना दाट शंका होती. तिसरं सरांनी हातात घेतलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे सगळ्यांत जुनं. राजा नदीचा बांध वाचवायला गेलाय आणि राणी त्याची वाट बघतेय. बस्स, एवढंच. पण काय लिहिलंय!"

"ते नको," ग्रंथपालबाई एकदम म्हणाल्या.

"का हो?" केमिस्टीणबाईंनी विचारलं.

"छपाई फार बारीक आहे. आणि पानं सुटलीत."

ताईनं पुस्तक ओढून घेतलं. अक्षरं ठसठशीत होती. पानं घट्ट शिवलेली. बाई खिडकीकडे बघायला लागल्या. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, स्वच्छ असलेला. केमिस्टीणबाईंच्या एवढ्यात लक्षात आलं आणि त्या घाईघाईनं म्हणाल्या, "सासऱ्यांचंच घेऊ. हसू तरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनं मान डोलावली नाही आणि वादही घातला नाही. निघताना तिनं ते तिसरं पुस्तक स्वतःच्या नावावर घरी नेलं.

रविवारी सकाळी लेक मैत्रिणीकडे गेल्यावर ताईनं ते उघडलं. पहिल्या अंकात राणी वाट बघते, सासऱ्याशी बोलते, प्रधानावर उगाच चिडते. ताईला ती आवडली. चांगली फटकळ होती. दुसऱ्या अंकात बांधावरून दूत येतो. राणी विचारते, महाराज कसे आहेत? दूत म्हणतो, महाराज मागून येत आहेत. राणी आनंदानं वेडी होते, राजवाडाभर दिवे लावायला सांगते. आणि मग कळतं, की महाराज मागून येत आहेत ते चार माणसांच्या खांद्यावरून.

ताईनं पुस्तक आपटलं, उठून उगाच ओटा पुसला, मग परत येऊन ते पान पुन्हा वाचलं. इतक्या जुन्या काळी कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं. तेव्हाही हा मेला असाच दारात येऊन उभा राहिला होता.

पुढच्या शुक्रवारी तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "माझ्यामुळे बाजूला सारलंत ना हे?"

"तसं काही नाही," केमिस्ट पुटपुटले.

"तसंच आहे. बाईंना खोटं बोलता येत नाही, हे एक बरं आहे. आपण हेच वाचू या."

"अहो, पण तुम्हाला झेपेल का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"न झेपायला काय झालं? मी सोसलंय, मग वाचायला काय?"

सरांनी पुस्तक उघडून पात्रांची यादी काढली. मग हळूच म्हणाले, "राणी तुम्ही वाचणार?"

"राणी केमिस्टीणबाईंना द्या. मला दूत द्या."

"दूताला दीड पान आहे फक्त."

"पुरे. लबाड माणूस आहे तो. कसा वाचायचा ते मला पक्कं ठाऊक आहे."

त्या आठवड्यात ताईनं दूताची चांगली तयारी केली. स्वयंपाक करताना वाक्यं म्हणून बघितली. आवाज तेलकट काढायचा, नजर चुकवायची, शब्द जिभेवर घोळवायचे. ऐकणाऱ्याला त्याची चीड आली पाहिजे. लेकीनं बाहेरून विचारलंही, "आई, कुणाशी बोलतेयस?" "एका चोराशी," ताई म्हणाली.

वाचन सुरू झालं. केमिस्ट प्रधानाचं काम करत होते, पण त्यांचं प्रत्येक वाक्य सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर, अशा चालीवर येत होतं. सर म्हातारा सासरा झाले होते आणि मधूनमधून कंसातल्या सूचनाही वाचत होते. ग्रंथपालबाई दासी. पण सगळ्यांना चकित केलं ते केमिस्टीणबाईंनी. दुकानात गल्ल्यामागे बसून खोकल्याच्या बाटल्या देणारी ही बाई राणी म्हणून बोलायला लागली आणि खोलीतला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटलं.

दुसरा अंक आला. "दूत प्रवेश करतो," सरांनी वाचलं.

केमिस्टीणबाईंनी वर पाहिलं. "आलास? एकटाच आलास?"

"महाराणी, घोडे दमले आहेत," ताई तेलकट आवाजात म्हणाली.

"घोड्यांचं सोड. महाराज कसे आहेत?"

"महाराज मागून येत आहेत."

केमिस्टीणबाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि मान वर केली. त्यांचा चेहरा उजळून गेला होता. ते नाटक राहिलंच नव्हतं. भोळी बाई ती, तिनं दूताचं ऐकलं होतं आणि तिला खरंच आनंद झाला होता. ती दिव्यांचं भाषण बोलायला लागली. ओसरीवर दिवे लावा, पायऱ्यांवर लावा, त्यांना चढताना दिसलं पाहिजे, त्यांना नेहमी ठेच लागते. बोलताना ती ताईकडेच बघत होती, चांगली बातमी आणणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

ताईनं नजर पुस्तकात नेली. पुढचं वाक्य तिचं होतं. महाराणी, त्यांना खांद्यावरून आणत आहेत. या बाईच्या तोंडावरचं ते हसू आता आपण पुसायचं. दुसरं कुणी नाही, आपणच. तिला वाटलं, हे भाषण आणखी लांब असतं तर बरं झालं असतं. आणखी एक जिना, आणखी एक दिवा. भाषण संपलं.

"दूत," सर हलकेच म्हणाले.

"हो." ताई पाणी प्यायली. ओठ उघडले. आणि तिच्या तोंडून निघालं, "महाराणी, घोडे दमले आहेत."

ते वाक्य होऊन गेलं होतं. कुणीही तिची चूक काढली नाही. केमिस्टीणबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्या सावकाश, पुस्तकात नसताना, पुन्हा म्हणाल्या, "घोड्यांचं सोड."

मग ताईनं सांगितलं. तो तेलकट आवाज कुठे गेला कोण जाणे. घाबरलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधताना ती जशी बोलायची तशी ती बोलली, खालच्या आवाजात, एकेक शब्द करून. त्या संध्याकाळी पुढचं वाचन झालं नाही. ग्रंथपालबाईंनी खिडक्या लावल्या आणि पाचही जण एकत्र जिना उतरले. बाकीचे दारातून बाजाराकडे वळले. ताई मागच्या गल्लीकडे वळली.

दुकानात दिवा होता. फळ्यांवर उघडे पडलेले मिक्सर, तारांची भेंडोळी, एका खिळ्याला पंख्याची पाती. पक्कड खाली मान घालून एका तुटक्या तारेला डाग देत होता. त्यानं वर पाहिलं, आणि हातातलं ते तापलेलं अवजार कुठे ठेवावं हेच त्याला सुचेना. केस पांढरे झाले होते त्याचे.

"वहिनी?"

"मी बसायला आले नाही," असं म्हणून ताई स्टुलावर बसली. "एक विचारायचंय, भाऊजी. रिक्षात तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यानं ते अवजार एकदाचं फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "सांगणार होतो. साइटवरून निघाल्यापासून तेच घोकत होतो. सिग्नलला थांबलो तिथे मोठ्यानं म्हणूनही बघितलं. शेजारचा माणूस बघायला लागला. पण दारात आलो, तर तुम्ही हसत होतात. म्हणालात, थांबा भाऊजी, झालंच. मी म्हटलं, तेवढं हसून होऊ दे. मग म्हटलं, रिक्षात सांगू. तर तुम्ही घरी उतरून पिशवी भरायला लागलात. मला विचारलंत, निळा टॉवेल घेऊ की पांढरा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही."

"आणि जेवला होता म्हणालात. तेही खोटं?"

"नाही, नाही. ते खरं. सगळ्यात तेवढंच एक खरं होतं, म्हणून लगेच बोलता आलं. तुमचा डबा सगळा संपवला, वर माझ्यातलं खाल्लं आणि म्हणाला, तुझ्या बायकोला महिनाभर आमच्याकडे शिकायला पाठव."

ताईला हसू फुटलं. ते तिला आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. पक्कड उभाच होता, हात लोंबकळत. तिनं डोळे पुसले.

"तुम्ही मला लॅबच्या दारातच सांगायला हवं होतं."

"होय, वहिनी."

"मी ते विसरणार नाही."

"नका विसरू."

एक गिऱ्हाईक इस्त्री घेऊन आलं. पक्कडनं ती न बघताच बाजूला ठेवून घेतली. गिऱ्हाईक गेल्यावर ताई म्हणाली, "त्या दिवसाचं मला तळघरापासूनचं सगळं ठाऊक आहे. त्याच्या आधीचं काहीच नाही. रविवारी घरी या. पोरीलाही ऐकू दे."

घरी गेल्यावर तिनं लेकीला सांगितलं, पक्कडकाका येणार आहेत. लेक केस विंचरत होती ती थांबली. "भेटलीस त्यांना? काय सांगितलं त्यांनी?"

ताईनं सगळं सांगितलं. लेक ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, तू मला कधी सांगितलंस, आठवतंय?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. घरी आले तेव्हा तू झोपली होतीस."

"जागी होते मी. मी विचारलं, बाबांचा पाय दुखतोय का? तू म्हणालीस, नाही, आता नाही दुखत."

ताई तिच्या शेजारी बसली. हे तिला अजिबात आठवत नव्हतं. पिशवी आठवत होती, जिना आठवत होता, घरात जमलेल्या माणसांच्या चपलाही आठवत होत्या. हे मात्र नव्हतं.

"राग आला होता तुला माझा?"

लेकीनं विचार केला. "आधी आला. मग नाही. त्या रात्री मला झोप लागली ना. नंतर कितीतरी दिवस लागली नाही." ती पुन्हा केस विंचरायला लागली, पण आईच्या जवळ सरकून बसली.

नाटक पुढच्या शुक्रवारी पुरं झालं. तिसऱ्या अंकात दूताला काही काम नव्हतं, म्हणून ताई नुसती ऐकत बसली. शेवटी राणी बांध पुरा करायची आज्ञा देते तेव्हा केमिस्टीणबाईंचा आवाज फुटला आणि केमिस्ट, जे कधीच कुणाच्या देखत बायकोला हात लावत नसत, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळे सावरल्यावर सरांनी दोन सासऱ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. जावयाचं काम कुणी करायचं यावरून बऱ्यापैकी भांडण झालं.

त्याआधीच्या रविवारी पक्कड आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. इतक्या वर्षांत न पाहिलेली पोरगी एवढी मोठी होऊन पाण्याचा पेला पुढे करतेय हे बघून त्याला पाणी प्यायचंही भान राहिलं नाही.

"काका," ती त्याच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाली, "सकाळपासून सांगा. काही गाळू नका."

त्यानं ताईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. त्यानं पेला खाली ठेवला, घसा साफ केला.

"सकाळी तुझे बाबा उशिरा आले," तो म्हणाला. "मी खाली वाट बघून कंटाळलो होतो. आल्या आल्या मी तोंड सोडणार, तेवढ्यात त्यांनीच मला दरडावलं, की मी येईपर्यंत तू चहा कसा सांगून ठेवला नाहीस..."

लेक हसली. ताईनं खुर्ची जवळ ओढून घेतली.